आठचा मिस्ड कॉल

शालू,

त्या गुरुवारी मी दोन वाट्या आमरस खाल्ला. हे सगळ्यात आधी लिहिते, कारण माझ्या घशात अडकलंय ते हेच. मोसमातला पहिला आंबा. मीच निवडून आणलेला, चार दिवस पेंढ्यात ठेवून पिकवलेला. रात्री आठला तुझी रिंग वाजली, मी कट केली, ताट वाढून घेतलं आणि दोन पोळ्यांबरोबर दोन वाट्या रस, वर चिमूटभर मिरपूड. तोंड पुसताना मनात आलंसुद्धा, की रविवारी तुला चिडवायचं, तिकडचा तुझा रोजचा मका तुला लखलाभ.

तू त्या दिवशी पहाटेच गेली होतीस.

आपल्याकडे घरातलं माणूस गेलं की चूल पेटत नाही. शेजारी पिठलं-भात आणून देतात, तोही घशाखाली उतरत नाही. मी तुझी सख्खी थोरली बहीण, आणि तू गेलीस त्या दिवशी मी गोड जेवले. कुणामुळे? तुझ्या फोनवरून बरोबर आठला आलेल्या रिंगमुळे. लोक येऊन म्हणतात, रडून घ्या, मोकळं वाटेल. मला रडायचं नाहीये. मला तुझ्याशी भांडायचं आहे.

हे लिहिते तुला, पण अन्वी आणि निहारही वाचणार आहेत. माझी ही नातवंडं कॅनडात वाढली. मराठी वाचतात, पण अडखळत. म्हणून सोपं लिहिते आणि क्रमाने लिहिते. ग्रंथपालबाईंची खोड म्हणून तू हसशील. हस.

तू चौसष्टाव्या वर्षी निघालीस. सिन्नरच्या आयटीआयमध्ये मुलींना शिवण शिकवण्यात उभा जन्म गेला, लग्न केलं नाहीस, निवृत्त झाल्यावर माझ्या पडद्यांना झालरी लावत बसलीस, आणि एके दिवशी माझ्याच स्वयंपाकघरात मटार सोलता सोलता म्हणालीस,

"ताई, दोन वर्षं आफ्रिकेत जाऊन येते. मलावी म्हणून देश आहे. एक संस्था पाठवतेय."

"तिथे तुझं कोण आहे?"

"शिवणयंत्रं आहेत. पायाची. चौदा आहेत, त्यातली नऊ बंद पडलीत."

"तिथले लोक दुरुस्त करतील की."

"करतील. मी शिकवल्यावर."

मी सोलायचं थांबवलं, तू थांबली नाहीस. मग मी जे बोलले ते मुलांसमोर लिहायची लाज वाटते, पण बोलले ते बोलले. "तुला तिथे कुणी कापून टाकलं तरी आम्हाला कळायला आठ दिवस लागतील," असं म्हणाले. तो देश कुठला, माणसं कोण, मला काडीची माहिती नव्हती. इंग्रजी शाळेत शिकले, आयुष्यभर पुस्तकांत बसले, आणि मलावी कुठे आहे ते बघायला मला नकाशाचं पुस्तक काढावं लागलं. तरी मत मात्र तयार होतं.

तू शेवटचा दाणा भांड्यात टाकलास आणि म्हणालीस, "ताई, तुझ्या अटी सांग."

अटी ठरल्या. पहिली अट कुलपाची. नाशिकच्या मेन रोडवरून सात लिव्हरचं पितळी कुलूप आणून तुझ्या बॅगेत मी स्वतः घातलं. दुसरी अट आठच्या रिंगची. रोज आपल्या आठला, म्हणजे तुझ्या दुपारी साडेचारला, तू एक रिंग द्यायची आणि मी कट करायची. उचलायचा नाही, कारण तुझ्या गावातल्या नेटवर्कवर बोलणं म्हणजे नळाला पाण्याऐवजी हवा यावी तसं. नीट बोलायचं ते रविवारी, तू बाजाराच्या गावी गेलीस की.

"रिंग आली नाही तर मी जेवणार नाही," मी म्हणाले.

"उपासाची धमकी?"

"हो, धमकी."

"बरं बाई. तुला उपाशी ठेवल्याचं पाप माझ्या माथी नको."

दोन वर्षांची चार वर्षं झाली. चार वर्षांत एक दिवस रिंग चुकली नाही, आणि मी मनात म्हणायचे, बघा, शालूलाही वळण लागतं.

रविवारी मी वही उघडून बसायचे. तू तिकडून ओरडायचीस, "घ्या हजेरी!" मी विचारायचे, पाणी उकळून पितेस? मच्छरदाणी खोचतेस? कुलूप लावतेस? तू "हो बाई, हो बाई, लावलंय बाई" म्हणत सुटायचीस, आणि मी प्रत्येकापुढे बरोबरची खूण करायचे. मग तुझी पाळी.

"ताई, इथे सकाळी पाण्याला निघालं की भेटेल तो विचारतो, कशी उठलीस? आपण म्हणायचं, मी बरी उठले, तू कसा उठलास? पाण्यापर्यंत वीस जण भेटतात. रोज. तुझ्या गंगापूर रोडला कोण विचारतं?"

"इथे सेफ्टी डोअर आहे. आतून तीन कड्या आहेत. खाली कॅमेरा आहे."

"कॅमेरा विचारतो का, कशी उठलीस?"

मी म्हणायचे, फाजीलपणा पुरे. तू हसायचीस. मग हमखास तेच टुमणं: "ये ना एकदा. महिनाभर राहा. इथे मला कसं वाटतं माहितीये? नामपूरला आजीकडे उन्हाळ्यात असायचो ना, तसं. दार उघडं, कुणीही यावं." आणि मी म्हणायचे, माझं वय काय, गुडघे काय, आणि आफ्रिका काय.

तुला न सांगितलेलं एक इथे लिहिते. दोन वर्षांपूर्वी सकाळी फिरायला गेले असताना मोटरसायकलवरून दोघे आले आणि माझ्या गळ्यातली साखळी ओढून गेले. भर रस्त्यात, आपल्या गंगापूर रोडला, सकाळी साडेसहाला. मानेवर ओरखडा होता. त्या रविवारी मी स्कार्फ बांधून व्हिडिओवर बसले आणि तुला विचारलं, कुलूप लावतेस ना?

आता शुक्रवार. सकाळी दहाला त्या संस्थेतल्या मुलीचा फोन आला. तू कालच पहाटे गेलीस, झोपेत, हृदय थांबलं, असं ती फार हळू आवाजात सांगत होती. मी तिला झापलं. "तुमची काहीतरी चूक होतेय. काल रात्री आठला तिने मला रिंग दिली आहे. माझ्याकडे नोंद आहे." फोनमध्ये स्पष्ट दिसत होतं, शालू, आठ वाजता. मिलिंदला, म्हणजे माझ्या मुलाला, मी कॅनडात झोपेतून उठवून तेच सांगितलं, की मावशी जिवंत आहे, नोंद आहे. तो म्हणाला, "आई, मी चौकशी करतो." दुपारी त्याने तुझा फोटो पाठवला. पांढऱ्या कापडात, भोवती गाणाऱ्या बायका. तुझ्या हाताची शिलाई मी ओळखते. ते कापडही तूच शिवलेलं होतं.

अर्धा दिवस मी तुला त्या रिंगच्या आधारावर जिवंत ठेवलं होतं. आयुष्यभर मी लिहिलेल्या नोंदीवर विश्वास ठेवला आणि नोंद खोटी निघाली. ही थट्टा कुणी केली, तेवढंच मला कळायला हवं होतं.

आणि मग तुझी चिठ्ठी. मला इथेच पुरा, एस्थरच्या आईच्या शेजारी. ही एस्थर कोण, तेही मला तेव्हा ठाऊक नव्हतं. अगं, सगळा देश अस्थींचे कलश घेऊन आमच्या रामकुंडावर येतो. रिक्षावाले स्टेशनवरूनच विचारतात, रामकुंड का? आणि तू नाशिकची मुलगी, तुझं नदीत सोडायला माझ्या हातात चिमूटभरसुद्धा काही नाही! मिलिंद म्हणाला, "तिची इच्छा होती, आई." इच्छा होती तर मला सांगायची होती. मी नाही म्हटलं असतं, आपण भांडलो असतो, आणि मग तू तुझंच केलं असतंस. पण भांडण तरी झालं असतं.

मिलिंद आला. भेटायला माणसं येत राहिली. खालच्या मजल्यावरच्या मालतीबाई सोफ्याच्या कडेवर बसल्या आणि आवाज बारीक करून म्हणाल्या,

"आफ्रिकेत म्हणजे... काही चावलं वगैरे का?"

"नाही."

"मग त्या लोकांनी काही...?"

"कुठल्या लोकांनी?"

"नाही, म्हणजे आपलं ऐकतो ना आपण. एकटी बाई. बिचारी, कुठे जाऊन मेली."

मी उठले आणि म्हणाले, "मालतीबाई, गेल्या वर्षी आपल्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ बाथरूममध्ये पडले, तेव्हा दार फोडायला सुतार मिळेपर्यंत दुपार झाली. त्यांना कोण चावलं होतं?" मालतीबाईंनी चहा अर्धा टाकला. मिलिंद मला आत घेऊन गेला. "आई, काय हे?" मला त्यालाही सांगता आलं नाही, की त्या बाईच्या तोंडून मी माझीच वाक्यं ऐकत होते. चार वर्षं हेच मी तुला ऐकवलं. तुझ्यावर ओरडायला मला परवानगी होती, त्यांना नव्हती, एवढाच काय तो फरक.

चौदा दिवस झाले, मिलिंद परत गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरात एकटी होते. मुगाची खिचडी लावली होती. आठ वाजले आणि फोन वाजला. पडद्यावर तुझा फोटो, टोपी घातलेला. शालू.

माझ्या हातातला डाव खाली पडला. मग इतका संताप आला की बोलायची सोय नाही. म्हणजे जो कोणी त्या गुरुवारी खेळ करत होता, तो अजून करतोच आहे. मी कट केला नाही. उचललाही नाही. वाजू दे म्हटलं. वाजून वाजून थांबला. पुन्हा वाजला, पुन्हा थांबला. तिसऱ्यांदा वाजला. मी ओट्याला टेकून त्याच्याकडे बघत उभी राहिले.

चौथ्यांदा वाजला तो मिलिंदचा.

"आई! ठीक आहेस ना? पडली नाहीस ना?"

"पडायला काय झालंय मला?"

"अगं, मलावीहून कुणी एस्थर म्हणून बाईचा फोन आला. म्हणाली, तुमच्या आईने फोन कट केला नाही, ताबडतोब जाऊन दार उघडून बघा. मी इथे कॅनडात दार कुठलं उघडू? मालतीकाकूंना लावला, त्या उचलत नाहीत."

मालतीबाई कशा उचलतील? मी खिचडी उतरवली आणि तुझ्याच नंबरवर फोन लावला. नेटवर्क कधी नव्हे इतकं स्वच्छ होतं. मी इंग्रजीत सुरुवातच केली, की तुम्ही कोण, आणि माझ्या बहिणीच्या फोनला हात लावायचा तुम्हाला काय अधिकार?

पलीकडून एक जाड, शांत आवाज आला. "थोरली आई, आधी सांगा, जेवलात का?"

त्यांच्याकडे आईच्या थोरल्या बहिणीला थोरली आई म्हणतात, हे मला नंतर कळलं. एस्थर तुला आमाई म्हणायची, म्हणजे आई. पंचेचाळिशीची बाई, गावातलं छोटं दुकान तिचं. छपरावर सोलरचा पत्रा, आणि आख्ख्या गावाचे फोन तिच्याकडे चार्जिंगला. तुझाही. रोज दुपारी तू तिच्याकडे फोन टाकून ओढ्यापलीकडच्या बायकांना शिवण शिकवायला जायचीस आणि परत यायला सहा वाजायचे.

"मग साडेचारची रिंग?" मी विचारलं.

"मी द्यायची."

"कधीपासून?"

"पहिल्या महिन्यापासून."

चार वर्षं, शालू. चार वर्षं मी एका अनोळखी बाईचं बोट हललं की सुखाने जेवत होते. तू ओढ्यापलीकडे, विंचू चावलाय की पाय मोडलाय, तिलासुद्धा ठाऊक नाही, आणि मी इथे वरणात तूप घालतेय. मी तिला म्हटलं, "म्हणजे ती सुखरूप असल्याची खूण म्हणून जी मी रोज घेत होते, ती खोटीच होती?"

एस्थर गोंधळली. "आमाईंची खूण? नाही, थोरली आई. आमाईंना काय धाड भरलीय? ती खूण तुमची होती."

मग तिने मला तुझा नियम सांगितला. बहीण कट करेल. कट केला म्हणजे ती उठलीय, चालतेय, तिचं बोट हलतंय. कट नाही झाला तर तीनदा वाजव. तरी नाही, तर या नंबरवर तिच्या मुलाला कळव. तो नंबर तू दोन वर्षांपूर्वी तिच्या दुकानाच्या भिंतीवर खडूने मोठ्या आकड्यांत लिहून ठेवलास. "तुमच्या गळ्यातली साखळी कुणीतरी ओढली ना, त्यानंतर," ती म्हणाली. "आमाई फार चिडल्या होत्या. म्हणत होत्या, ती बाई स्कार्फ बांधून मला कुलूप विचारते!"

मिलिंदने तुला सांगितलं होतं तर. आणि तू मला कळू दिलं नाहीस. "लावलंय बाई," म्हणालीस.

"ते कुलूप कुठे आहे?" मी विचारलं.

"बकऱ्यांच्या गोठ्याला. बकऱ्या चोरीला जातात."

"आणि घराला?"

"घराला कडी नव्हतीच. आमच्याकडे कुणी दार वाजवत नाही, बाहेरून ओदी म्हणतात. आतून ओदीनी आलं की आत जायचं. त्या सकाळी पाण्याला जाणाऱ्या बायकांनी ओदी म्हटलं, तीनदा म्हटलं, आतून आवाज नाही. दार ढकललं. आमाई अजून उबदार होत्या."

मी माझ्या दाराकडे पाहिलं. तीन कड्या.

मग मी विचारलं ते, जे विचारण्यासाठी फोन केला होता. त्या गुरुवारी ती गेल्यावर रिंग का दिलीस?

 मागे कोंबड्या ऐकू येत होत्या. ती म्हणाली, "संस्थेचे साहेब म्हणाले होते, घरच्यांना आम्ही सांगू, उद्या सकाळी. साडेचार वाजले. सगळ्या बायका ओसरीवर बसल्या होत्या. मला वाटलं, मी वाजवलं नाही तर थोरली आई जेवणार नाही, आणि उद्यापासून तर बरेच दिवस जेवणार नाही. म्हणून बाहेर येऊन वाजवलं. तुम्ही कट केलात. म्हटलं, चला, आज तरी जेवेल." पुढे म्हणाली, "नंतर नाही वाजवलं. शोकाच्या घरात कुणाला एकटं ठेवत नाहीत ना. आज म्हटलं, आता पाहुणे गेले असतील."

मी तिला सांगितलं, की त्या दिवशी मी आंब्याचा रस खाल्ला. दोन वाट्या. मला वाटलं होतं, हे सांगितल्यावर तिला तिची चूक कळेल.

ती म्हणाली, "आंबा? छान. आमाई म्हणायच्या, थोरली आंबा खाताना कुणाशी बोलत नाही."

शालू, मी खिचडीचं पातेलं समोर ठेवून त्यानंतर किती वेळ बसले, कोण जाणे. राग गेला असं लिहिलं तर अन्वी-निहारला खोटं शिकवल्यासारखं होईल. एस्थरवरचा गेला. तुझ्यावरचा आहे, आणि वाढलाय. तिकडे तू दार उघडं टाकून निवांत झोपत होतीस, आणि काळजी कुणाची, तर कॅमेऱ्याखाली राहणाऱ्या माझी! मी तुझी हजेरी घेत होते, असं चार वर्षं मला वाटू दिलंस. मोठ्या बहिणीचा मान ठेवायची ही काय रीत झाली? एकदा तरी तोंडावर म्हणायचंस, ताई, तू तिथे एकटी आहेस, मला भीती वाटते. मी नक्कीच फाजीलपणा पुरे म्हटलं असतं. पण ऐकलं असतं.

आणि आता माझंही ऐक. पासपोर्ट मी फेब्रुवारीतच नवा करून घेतलाय. तुझ्या टुमण्याला भीक घातली असं तुला वाटू नये म्हणून सांगितलं नव्हतं. तिकीट काढून मगच सांगणार होते, तेही उपकार केल्यासारखं. तो कपाटात वहीखाली आहे. वहीत रविवारचे प्रश्न आहेत, आणि कुलपापुढे चार वर्षांच्या खुणा. त्या मी खोडलेल्या नाहीत. नोंद ती नोंद.

एस्थरला मी काल पुन्हा फोन केला आणि नीट व्यवस्था लावून घेतली. रोज तिनेच का वाजवायचं? तिचा नवरा गेलेला, मुलगी शहरात. तिच्याकडे बघायला गाव आहे, हे मान्य. तरी एक बोट जास्त असलं तर बिघडत नाही. विषम तारखेला ती वाजवेल, मी कट करीन. सम तारखेला मी वाजवीन, ती कट करेल. कट झाला नाही तर तीनदा. तिच्या मुलीचा नंबर मी आतल्या दारावर चिकटवलाय, मोठ्या आकड्यांत. सगळं ऐकून ती म्हणाली, "थोरली आई, तुम्ही अगदी आमाईंसारख्या बोलता." मी म्हटलं, उलट बोलतेस. ती माझ्यासारखी बोलायची.

वरची कडी मी आता लावत नाही. खालच्या दोन लावते. त्यावरून मला टोमणे मारू नकोस.

आज सम तारीख आहे. आठ वाजत आलेत. बाकीचं भांडण जेवण झाल्यावर.

— ताई